नणंदेचा राग आणि मयूरीचा जबडा

माझ्या थोरल्या नणंदेला राग येतो, असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. राग यायला तो आधी गेलेला असावा लागतो. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात आक्कांचा राग गेलेला मी एकदाही पाहिलेला नाही. कुणी केडगावला राहतं, कुणी कोपरगावला राहतं, तशा आक्का काष्टीला आणि रागात राहतात. पहाटे मळ्यात उठल्याबरोबर त्या कोंबड्यावर चिडतात, कारण तो त्यांच्यानंतर आरवतो. मग विजेवर चिडतात. गेली तर का गेली म्हणून आणि आली तर इतका वेळ कुठं होती म्हणून. मोबाईलमधली बाई ‘ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे’ असं सांगते, तेव्हा आक्का तिला दरवेळी खडसावतात, “मग तू काय करती तिथं? सांग की तिला, काष्टीहून फोन हाय म्हनून!” एकदा हवामानाच्या बातम्यांत ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असं ऐकलं, तर आठवडाभर भेटेल त्याला विचारत होत्या, “हे तुरळक कुठल्या तालुक्यात येतं?” दाजी, म्हणजे त्यांचे यजमान, फार शांत. आक्का काहीही म्हणाल्या तरी ‘व्हय’ म्हणतात. एकदा आक्का वैतागून म्हणाल्या, “तुमी माझं कधी ऐकताच न्हाई.” दाजी म्हणाले, “व्हय.”

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात मात्र या रागाला मान आहे. गाय घ्यायची झाली की गावातली बरीच माणसं आक्कांना सोबत नेतात. व्यापारी गाईच्या पाठीवर थाप मारून तिचे गुण सांगत असतो आणि आक्का तोवर पदर खोचून तिच्या तोंडाशी पोचलेल्या असतात. नाकाशी धरायचं, ओठ खाली ओढायचा, दात बघायचे. एका व्यापाऱ्यानं शपथेवर सांगितलं की गाय दुसऱ्या वेताची, म्हणजे दोनदाच व्यालेली आहे. आक्कांनी दात पाहिले आणि भर बाजारात म्हणाल्या, “दुसऱ्या? आरं, हिची नात बघितली मी मागच्या बाजाराला!” तो माणूस पुढं दोन-तीन शनिवार बाजारात दिसला नाही. जबडा आणि दात हे आक्कांना कळतात, हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

माझ्या सासऱ्यांची हनुवटी आत गेलेली होती. खालच्या ओठानंतर चेहरा थांबायचा आणि सरळ गळ्याकडेच उतरायचा. ही हनुवटी माझ्या नवऱ्याला चुकली, आक्कांना मिळाली, पुढं आक्कांच्या दोन्ही मुलांना चुकली आणि माझ्या मुलीला, मयूरीला मिळाली. आक्कांना याचा कोण अभिमान! बारशाला पाळण्यात वाकून त्या म्हणाल्या होत्या, “आमच्या बाचं तोंड घेऊन आली बघ पोरगी.” मला मात्र तेव्हापासूनच काळजी. शाळेचा ग्रुप फोटो असो, माझ्या भावाचं लग्न असो, मी मयूरीला हळूच सांगायची, “ओठ मीट, हनुवटी जरा पुढं काढ.” ती काढायची. तिच्या प्रत्येक फोटोत ती कुणीतरी दम दिल्यासारखी दिसते. दिलेलाच असायचा. वय वाढलं तसे तिचे पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांपासून लांबच राहिले. भाकरीचा तुकडा, पेरूची फोड, काहीच तिला समोरून तोडता येत नसे. सगळं हातानं बारीक करून दाढेखाली सारायची. झोपेत घोरायची, मध्येच श्वास अडकल्यासारखी दचकायची. आम्ही हसायचो. “बापावर गेली,” म्हणायचो.

मयूरी शिकली, कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागली, तिथंच खोली घेऊन राहिली, आणि आम्ही स्थळं बघायला लागलो. मुलीच्या हुशारीवर, पगारावर, स्वभावावर कुणाची तक्रार नव्हती. एका रविवारी आमच्या केडगावच्या घरी पाहुणे आले. मुलगा मान खाली घालून मोबाईलमध्ये. त्याची मावशी पोहे खाता खाता मयूरीला म्हणाली, “जरा बाजूनं उभी राहतेस का गं? एक फोटो घेते.” मयूरी उभी राहिली. मावशीनं फोटो काढला, बोटांनी मोठा केला, शेजारणीला दाखवला. मी ओशाळून चहा ओतत होते. इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेल्या आक्का उठल्या.

“आमी बाजारात जनावर चारी बाजूनी बघतो, खरं हाय,” आक्का म्हणाल्या. “पन आधी त्याच्याम्होरं वैरन टाकतो. तुमी आमचेच पोहे खाऊन आमच्याच पोरीचा जबडा तपासताय व्हय? आन् तुमचं पोरगं कुठनं बघायचं? त्यानं तर आल्यापासून टाळूच दाखवलीया!”

पाहुणे चहा न घेता गेले. मध्यस्थ मामांचा संध्याकाळी फोन आला, मुलगी तशी पसंत होती, फक्त बाजूनं जरा तसं दिसतं, आणि मुलीची आत्या. मला सगळ्यांचा राग आला. त्या मावशीचा आला, आक्कांचा त्याहून जास्त आला. पण खरं सांगायचं तर सर्वांत जास्त राग आला तो मयूरीच्या हनुवटीचा. आता हे लिहिताना माझा मलाच येतो, पण तेव्हा तसं होतं.

मग मी एक गोष्ट गुपचूप केली. नगरमध्ये एका स्किन क्लिनिकची जाहिरात पाहिली होती. हनुवटीत फिलरचं इंजेक्शन घ्यायचं, बसल्या जागी आकार येतो, लगेच घरी. पुढचं स्थळ यायच्या आत उरकावं म्हणून मी मयूरीला रजा काढायला लावली. तिथं सल्ला द्यायला बसवलेल्या मुलीनं मयूरीचा बाजूनं फोटो घेतला आणि टॅबवर नुसत्या बोटानं तिची हनुवटी पुढं ओढली. “बघा, एवढासाच फरक, पण चेहरा कसा उठून दिसतो!” मला तर रडूच आलं. इतकी वर्षं मी ‘पुढं काढ’ म्हणत होते, ती अशी बोटानं पुढं येत होती. मयूरी त्या फोटोकडं बघत राहिली. आवडला की नाही, काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

हे गुपित एका माणसाला ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला. आणि बहिणीपुढं त्यांच्या पोटात काही राहत नाही. ठरलेल्या दिवशी आम्ही क्लिनिकच्या थंडगार हॉलमध्ये बसलो होतो, तेवढ्यात काचेचं दार ढकलायचं की ओढायचं यावरून बाहेर कुणाचा तरी दाराशी तंटा ऐकू आला. काष्टीहून सकाळच्या एसटीनं आक्का आल्या होत्या. त्यांनी आम्हा दोघींकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ सल्लागार मुलीच्या टेबलाशी गेल्या.

“हे जे तुमी भरताय, ते किती दिस टिकतं?”

“साधारण वर्ष, दीड वर्ष, काकू. मग पुन्हा भरायचं.”

“म्हंजी लगीन पन दीड वर्षाच्या बोलीवरच लावायचं व्हय?”

हॉलमधल्या बायका मासिकांमागे हसल्या. आवाज ऐकून आतून डॉक्टरीण बाहेर आली. तरुण, शांत बाई. आक्कांनी तिच्याकडं मोर्चा वळवला. “बाई, हिचे म्होरचे दात एकमेकाला लागत न्हाईत. ह्या सुईनं लागतील का?”

“नाही लागणार,” डॉक्टरीण म्हणाली. “फिलरनं फक्त वरून आकार दिसतो. जबडा आहे तिथंच राहतो.” मग तिनं मयूरीला समोर बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि विचारलं, “झोप नीट लागते का? घोरतेस? दिवसा पेंग येते?” मयूरी माझ्याकडं बघून गप्प बसली. डॉक्टरीण समजायचं ते समजली. “आज मी हिला इंजेक्शन देणार नाही,” ती म्हणाली. “आधी झोपेची तपासणी करा आणि जबड्याच्या सर्जनला दाखवा. नुसतं दिसण्याचं असतं तर गोष्ट वेगळी होती.” आक्कांची पंचाईत झाली. आपलंच म्हणणं मान्य करणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना माहीत नाही. शेवटी त्या तिच्यावरही चिडल्या, “मग तुमच्या त्या टेबलाजवळच्या पोरीला हे आधीच सांगायला काय झालं हुतं?”

पुण्याला सर्जनकडं आम्ही तिघी गेलो. झोपेची तपासणी झाली होती; मयूरीचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो, असं त्यात निघालं. सर्जननी प्लास्टरचा जबडा हातात घेऊन समजावलं. आधी वर्षभर, कदाचित जास्त, दातांना तारा. मग ऑपरेशन. तोंडाच्या आतूनच खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापायचा, पुढं सरकवायचा, पट्ट्या आणि स्क्रूनं बसवायचा. पुढचे काही आठवडे फक्त पातळ खाणं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होईल. बहुतेकांची जाणीव परत येते, काहींची पूर्ण येत नाही. मयूरी वहीत लिहून घेत होती. मी ‘कापायचा’ या शब्दापाशीच थांबले होते. आक्कांनी तो प्लास्टरचा जबडा डॉक्टरांच्या हातातून घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि टेबलावर आपटून ठेवला.

“ठिसूळ हाय,” त्या म्हणाल्या आणि बाहेर निघून गेल्या.

दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीपाशी आम्ही तिघी उभ्या होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं आणि आक्कांचं एकमत झालं होतं: ऑपरेशन नाही. मी म्हणत होते, दुसरा एखादा फिलरवाला बघू, धोका नाही. आक्का म्हणत होत्या, काही नको, देवानं आणि आमच्या बानं दिलंय तेच ठेवायचं. ज्याला पोरगी करायची त्यानं करावी, न्हाई त्यानं पोहे खाऊन चालू पडावं. आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो, बाजारात जनावराच्या पाठीवरून बोलतात तसं. तेवढ्यात मयूरीनं चहाचा कप टपरीच्या फळीवर असा ठेवला की चहावाल्यानंही मान वर केली.

“आई, तुला माझा फोटो दुरुस्त करायचाय,” ती म्हणाली. “आत्या, तुला तुझा फोटो जपायचाय. मला झोपायचंय.”

ती थांबली नाही. “मागच्या महिन्यात कारखान्यातून येताना स्कुटीवर माझा डोळा लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. जाग आली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला पाण्याच्या चारीत पडलेली. ट्रॅक्टरवाल्यानं उचललं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी आधी हेच विचारलं असतं, तोंडाला लागलं का? लॅबमध्ये मी उभ्यानं झोपते. डब्यातली भाकरी बायकांसमोर खात नाही. लग्न होऊ दे नाहीतर न होऊ दे. तोंड माझं आहे. मला कुणी एकदा तरी विचारलंत?”

नाही विचारलं. मी नाही, आक्कांनीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा आक्कांच्या अंगावर समोरून राग आला होता, आणि तो त्यांच्याहून मोठा होता. मग पिशवी उचलली. “कर मग काय करायचं ते,” एवढं म्हणून एकट्याच स्टँडकडं चालत गेल्या.

त्यानंतर सव्वा वर्ष आक्का मयूरीशी बोलल्या नाहीत. दातांना तारा लागल्या, त्या दर महिन्याला आवळल्या गेल्या, मयूरीनं खुशालीचे फोन केले. फोन दाजी घ्यायचे. “आत्या आहे का?” “व्हय.” “बोलते का?” यावर मात्र दाजींना ‘व्हय’ म्हणता यायचं नाही, ते नुसते खाकरायचे. भाऊबीजेला आक्का आल्या, भावाला ओवाळलं, माझ्या करंज्यांना नावं ठेवली, रिक्षावाल्याशी भांडल्या, पण मयूरी पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून भिंतीकडं बघत राहिल्या. दुसऱ्यांवर ओरडणाऱ्या आक्का मला सवयीच्या होत्या. या गप्प आक्कांचा मला संताप यायचा. लेकरू एवढं धाडस करतंय, आणि ही बाई हनुवटीवरून रुसून बसते!

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मयूरीला आत नेलं. हे खाली औषधं आणायला गेले. मी बाकावर एकटी बसले होते, तेव्हा जिन्यावर ओळखीचा आवाज आला. आत सोडत नसलेल्या वॉचमनला आक्का विचारत होत्या की पेशंट एक आणि दारांना कुलपं किती. येऊन माझ्या शेजारी बसल्या. मग समोर बघतच म्हणाल्या, “तू तिला फोटोत काय सांगायचीस?”

“ओठ मीट, हनुवटी पुढं काढ,” मी म्हणाले.

“मला माझी आई बी हेच सांगायची. मला बघायला पाच जनं येऊन गेली. सतरा वर्सांची हुते मी. एक म्हातारी म्हनली, पोरगी कामाला चांगली हाय, पन तोंड कोंबडीगत हाय. समद्या हसल्या. मी बी हसले, तर आईनं चिमटा काढला, तोंड उघडू नको म्हनून. सहाव्या टायमाला मला असला राग आला, मी तिथंच त्या मानसांवर वराडले. चहा गार हाय म्हनल्यावरनं की कशावरनं, आता ध्यानात न्हाई. तवा मला कळलं. समदी माझ्या डोळ्याकडं बघाय लागली. रागावलेल्या बाईच्या हनुवटीकडं कुनी बघत न्हाई, बाई.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. खरंच, इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा बाजूनं, निवांत कधी पाहिलाच नव्हता. “आणि दाजी?” मी विचारलं.

“तेच तर सहावे हुते,” आक्का म्हणाल्या. “मी वराडले, आन् हे म्हनले, व्हय.”

मी हसले, आणि लगेच रडले. मी ज्या मुलीला जन्मभर ‘पुढं काढ’ म्हणाले, ती आत होती. आक्कांनी मला समजावलं वगैरे नाही. “रडायला काय झालं? डॉक्टर काय नवशिका हाय का?” असं माझ्यावरच खेकसल्या, पण त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, आणि मनगट सुजेल इतका घट्ट होता.

मयूरी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता. वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले. घरी आणल्यावर आक्का पाच आठवडे केडगावला राहिल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरावर त्यांचं राज्य आलं. मुगाचं कढण, नाचणीचं आंबील, भोपळ्याचं सार, सगळं गाळायचं, पुन्हा गाळायचं. मिक्सरवर चिडायचं, गाळणीवर चिडायचं, माझ्या हाताला मीठ कळत नाही म्हणून चिडायचं. मयूरीला बोलता येत नव्हतं, म्हणून ती मोबाईलवर लिहून दाखवायची. आक्कांना चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि चष्मा सापडायचा नाही. “काय लिवलंय? भूक? दुखतंय? पोट? आगं, नीट मोठ्या अक्षरात भांड की!” सूज उतरायला लागली तशी मयूरी रोज आरसा बघायची आणि कधी कधी रडायची, कारण समोर कोण आहे ते तिलाच कळायचं नाही. त्या वेळी आक्का तिच्या पाठीमागे बसून केसांना तेल लावायच्या आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याला शिव्या द्यायच्या.

मयूरीला आता झोप लागते. सकाळी उठून आली की तिच्याकडं बघतच राहावंसं वाटतं. इतकी वर्षं ही मुलगी किती दमलेली होती, ते मला तिला न दमलेली पाहिल्यावर कळलं. खालच्या ओठाखाली रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. पाणी पिताना एखादा थेंब ओघळतो, तिला कळत नाही. पण परवा तिनं अख्खा पेरू समोरून चावला आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून तो दातांचा ठसा बघत बसलो. मध्यस्थ मामांचा पुन्हा फोन आला होता. त्या जुन्या पाहुण्यांना मुलीचा नवा फोटो कुणीतरी दाखवला होता, आणि आता त्यांची काही हरकत नव्हती. आक्का नेमक्या घरी होत्या. त्यांनी पदर खोचला, घसा साफ केला. पण फोन मयूरीनंच घेतला, “हरकत माझी आहे,” एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. आक्का तशाच पदर खोचून उभ्या. मग डाळीवर चिडल्या.

त्या फोनच्या आधी, गेल्या महिन्यात, आक्का त्या पाच आठवड्यांनंतर पहिल्यांदाच यायच्या होत्या; सूज पुरती उतरलेली मयूरी त्यांनी अजून पाहिलेली नव्हती. मयूरी आणि मी त्यांना घ्यायला केडगावच्या थांब्यावर गेलो. एसटीतून उतरताना त्यांचं कंडक्टरशी काहीतरी चाललं होतं, ते संपवून त्या वळल्या आणि समोर उभ्या मयूरीच्या शेजारून थेट पुढं गेल्या. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “पोरगी न्हाई आली व्हय?”

“आत्या,” मयूरी मागून म्हणाली.

आक्का थांबल्या. वळून जवळ गेल्या. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, जरा बाजूला वळवला, अंगठा हनुवटीवरून फिरवला. मयूरीला तो अर्धाच कळला असणार. मागं एसटी हॉर्न देत होती, एक टेम्पो अंगावर येईलसा गेला, पण आक्का कुणावरच ओरडल्या नाहीत.

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “झोपत जा.” मग हात काढून घेतले, पदर नीट केला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, “आता आमच्या बाच्या तोंडाची मी एकलीच राह्यले.”

मयूरीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. घरापर्यंत आम्ही तिघी रस्त्याच्या कडेनं चालत आलो. आक्का मध्ये होत्या, आणि सगळी वाट त्या मयूरीचा हात धरून गप्प चालल्या.